पहिल्या रांगेतलं, दाराजवळचं

सगळा घोळ एका वाक्यातून झाला, आणि ते वाक्य सेक्रेटरींनी केवळ पाय दुखत होते म्हणून उच्चारलं.

हे सेक्रेटरी खरे सेक्रेटरी नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. इमारतीचे खरे सेक्रेटरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले तेव्हा ह्यांनी थोडे दिवस त्यांचं काम पाहिलं. म्हणजे गळक्या नळासाठी प्लंबरला दोनदा फोन केला आणि तो दोन्ही वेळा आला नाही. खरे सेक्रेटरी नवे डोळे घेऊन परत आले, नळही कंटाळून गळायचा थांबला, पण नाव ह्यांना चिकटलं ते चिकटलंच. त्याची त्यांना वरवर चीड होती आणि आतून गुदगुल्या व्हायच्या.

ते एका विमा कचेरीत कारकून होते, तळमजल्यावर राहायचे, आणि त्यांची बायको घरीच शिवणकाम करायची. मशीन पुढच्या खोलीत खिडकीला लागून होतं. पण खिडकीतून हात बाहेर काढला तर बोटं टेकतील इतक्या जवळ शेजारच्या नव्या इमारतीची भिंत येऊन उभी राहिली होती. भरदुपारीसुद्धा ट्यूब लावल्याशिवाय सुईत दोरा जायचा नाही. विजेच्या बिलाची बाईंना फार धास्ती. गिऱ्हाईक आलं की ट्यूब लावायच्या, गिऱ्हाइकाची पाठ वळली की बंद करायच्या, आणि मग खिडकीकडे सुई धरून, डोळे बारीक करकरून दोरा ओवत बसायच्या. "अगं, लाव की ट्यूब," असं सेक्रेटरी म्हणाले की त्या "लावते हो" म्हणायच्या आणि लावायच्या नाहीत. दुसऱ्या कशाचं नाही, पण त्या बारीक केलेल्या डोळ्यांचं सेक्रेटरींना फार वाईट वाटायचं.

अशात एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत डब्याखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रात त्यांना एक जाहिरात दिसली. भाजीचा रस्सा बाजूला सारून त्यांनी ती वाचून काढली. ज्यांच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवता येत नाहीत अशांसाठी सामायिक सौरवीज. गावाबाहेर माळावर पॅनेल उभी करणार, आपण त्यात वाटा घ्यायचा, तिथली वीज तारांमधून सगळ्यांच्या विजेत मिसळणार आणि आपल्या वाट्याची वीज आपल्या बिलातून वजा होणार. अट एकच होती. एका इमारतीतली निदान बारा घरं एकत्र यायला हवीत. सेक्रेटरींनी रश्शाचा डाग पडलेला तो कागद घडी करून खिशात ठेवला, आणि त्या दुपारी त्यांच्या हातून एकही पत्र धड लिहून झालं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी जिन्यात सभा बोलावली. घरात सभा घेतली तर लोक बसतात, आणि बसलेले लोक उठत नाहीत, हा त्यांचा अनुभव. पण जिन्यात जो तो आपापल्या मजल्याप्रमाणे वर-खाली उभा राहतो, त्यामुळे अर्धं भाषण त्यांना मान वर करून आणि अर्धं मान खाली घालून करावं लागलं. मान खाली घातली की आपण कबुलीजबाब देतोय असं त्यांचं त्यांनाच वाटायला लागायचं.

पहिल्या मजल्यावरच्या गणिताच्या सरांनी हात वर केला. "मला एवढंच सांगा, माळावरची वीज आपल्याच घरी यायचं हे तिला कळणार कसं?"

ह्या प्रश्नाची सेक्रेटरींनी तयारी केली होती. "आपली पाण्याची टाकी घ्या," ते उत्साहाने म्हणाले. "पाणी सगळं एकत्रच असतं ना? पण ज्याच्या त्याच्या नळाला..."

"म्हणजे वरच्या मजल्याला वीजपण बारीक धारेने येणार!" तिसऱ्या मजल्यावरून मावशी गरजल्या. ह्या मावशी नात्याने कोणाच्याच मावशी नव्हत्या, पण अख्खी इमारत त्यांना मावशी म्हणायची आणि त्यांचं ऐकायची. "परवा डोक्याला साबण लावून उभी होते मी, आणि नळाला थेंब नाही! आधी त्याचं बोला!"

मग पुढचा सगळा वेळ लोक त्याचंच बोलले. पाण्यावरून दोन जुनी भांडणं वर आली, एक नवीन सुरू झालं, आणि विजेची आठवण शेवटी सेक्रेटरींच्या बायकोने करून दिली. त्यानंतर "रात्रीचं काय?" हा प्रश्न निघाला. रात्री नेहमीचीच वीज, असं सेक्रेटरींनी सांगितल्यावर मावशींनी विचारलं, "मग दिवसाची वेगळी ओळखायची कशी?" सेक्रेटरींनी कपाळाचा घाम पुसला. तरी माणसं मनाने वाईट नव्हती. हो-ना करता करता सेक्रेटरींच्या स्वतःच्या घरासकट अकरा घरं तयार झाली. बारावं घर राहिलं ते कुलूपकाकांचं.

कुलूपकाका एका गोदामावरून निवृत्त झाले होते, पण गोदाम त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. सायकलला कुलूप, पत्रपेटीला कुलूप, दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटाला दोन कुलपं. कोणालाही घरात न घेता ते उंबऱ्याच्या आत उभे राहून बोलायचे आणि समोरच्याला उंबऱ्याच्या बाहेर उभं करायचे. सेक्रेटरी असे उभे राहून राहून थकले.

"सगळं पटलं," कुलूपकाका म्हणाले. "आता फक्त माझं पॅनेल कुठलं ते सांगा."

"अहो काका, तसं वेगवेगळं कोणाचं नसतं. सगळी सगळ्यांची."

"जिन्यातला दिवा सगळ्यांचाच आहे ना? कधीपासून गेलाय. बदलला कोणी?"

तो दिवा बदलायचं सेक्रेटरींनीच कबूल केलं होतं. पोटऱ्या भरून आल्या होत्या, घरी चहा निवत होता, आणि समोर काका दाराला टेकून अगदी आरामात उभे होते. तेव्हा सेक्रेटरींच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

"तुमचं ना? पहिल्या रांगेतलं, दाराजवळचं."

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथे सही केली. शिवाय "थांबा," म्हणून आत जाऊन एक पेढाही आणून दिला असता, पण डब्याची किल्ली सापडली नाही.

संध्याकाळपर्यंत ही बातमी तिसऱ्या मजल्यावर पोहोचली. "आधी सही मी केली, आणि पहिल्या रांगेतलं त्यांना?" मावशी थेट सेक्रेटरींच्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना पहिल्या रांगेतलं कोपऱ्यावरचं देऊन वाटेला लावलं. सरांनी मधोमधचं मागितलं, कारण सरासरी ऊन तिथे पडतं असं त्यांचं गणित होतं. कोणाला कुंपणापासून लांबचं हवं होतं, कोणाला पूर्वेकडचं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन सख्ख्या जावांना शेजारी-शेजारी मुळीच नको होतं. सेक्रेटरींनी कोणालाच नाही म्हटलं नाही. जे पॅनेल अजून जमिनीत रोवलंही गेलं नव्हतं ते द्यायला आपल्या बापाचं काय जातं, असा त्यांनी विचार केला. देताना हात इतका सैल सुटला की इमारतीतल्या कंपाउंडरला आणि सरांना त्यांनी एकच पॅनेल दिलं.

मग वीज कचेरी. तिथल्या खिडकीतल्या गृहस्थांनी कागद उलटेपालटे करून पाहिले. "ही योजना गच्ची नसलेल्यांसाठी आहे. गच्ची नसल्याचा दाखला?"

"गच्ची आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पण तिच्यावर पाण्याच्या टाक्या आहेत, आणि उरलेल्या जागेत शेजारच्या इमारतीची सावली पडते."

"म्हणजे गच्ची आहे."

"आहे, पण ऊन नाही."

"ऊन नसल्याचा रकाना नाही," गृहस्थ म्हणाले, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटल्यासारखं दिसलं. सेक्रेटरींनी पुढच्या वेळी पुरावा म्हणून गच्चीवर सावलीत उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो नेला. गृहस्थांनी तो निरखून पाहिला आणि गच्ची असल्याचा पुरावा म्हणून फायलीला लावून टाकला. शेवटी सावली तपासायला एक साहेब स्वतः आले ते नेमके ढगाळ दिवशी. गच्चीवर उभं राहून त्यांनी आकाशाकडे पाहिलं, शेजारच्या इमारतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्यात तुमची सावली कुठली आणि ढगाची कुठली, हे मी कसं लिहू?" मावशींनी त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं, आणि ऊन पडेपर्यंत खाली जाऊ दिलं नाही. ऊन पडलं, सावलीही पडली आणि मंजुरी मिळाली. ह्या कामाचं श्रेय मावशींनी नंतर एकटीने घेतलं आणि सेक्रेटरींना ते बरंच लागलं.

पण योजना सुरू झाली. पहिल्याच बिलात वीज वजा होऊन आली. बाईंनी बिल पाहिलं, मशीनवर जाऊन बसल्या, आणि त्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावरही ट्यूब बराच वेळ चालू राहिली. सेक्रेटरी आतल्या खोलीतून चोरून बघत होते. आपण आयुष्यात एक तरी काम शेवटाला नेलं, असं त्यांना वाटलं, आणि ह्या आनंदात ते नवा दिवा आणून जिन्यात लावूनही आले.

मग सगळ्यांची माळावर सहल निघाली. भाड्याच्या बसमधून उतरल्याबरोबर लोक आपापल्या पॅनेलकडे असे धावले की तिथल्या इंजिनियरबाई घाबरून खोलीबाहेर आल्या. मावशींनी पिशवीतून मऊ फडकं काढून आपलं कोपऱ्यावरचं पॅनेल लख्ख पुसलं. शेजारच्यावर पाखराने घाण केली होती, तिला त्यांनी हात लावला नाही. सर आणि कंपाउंडर एकाच पॅनेलपुढे उभे राहून एकमेकांकडे संशयाने बघू लागले. धाकट्या जावेने आपल्या पॅनेलबरोबर फोटो काढून घेतला. कुलूपकाका मात्र शांतपणे दाराजवळच्या पॅनेलभोवती फिरत होते, वाकून खालचे नटबोल्ट हलवून बघत होते.

"हे काय चाललंय?" इंजिनियरबाईंनी विचारलं.

"भावना आहेत हो," सेक्रेटरी खालच्या आवाजात म्हणाले. "त्यांना काही सांगू नका."

त्यानंतर लोकांना माळावर जायची सवयच लागली. कोणी पाहुणे आले की त्यांना पॅनेल दाखवायला न्यायचं, ढग आले की सेक्रेटरींच्या दारावर थाप मारून "आता काय करायचं?" म्हणून विचारायचं. तेवढं चाललं असतं. पण महिन्यातून एकदा येणारं बिल एकदम जड आलं, आणि त्याच संध्याकाळी इंजिनियरबाईंचा फोन आला.

"तुमच्या लोकांनी मांडलंय काय? पहिल्या रांगेतलं एक पॅनेल कोणीतरी झाकून ठेवलंय! एका रांगेतली सगळी एकमेकांना जोडलेली असतात. एक झाकलं की सगळ्या रांगेला फटका बसतो. आम्ही काढायला गेलो तर त्याला कुलूप! रखवालदार म्हणतो, ते गृहस्थ एवढे अधिकाराने बोलत होते की मला ते कंपनीचेच वाटले. रविवारी सगळ्यांनी या आणि हे मिटवा. नाहीतर तुमचा गट बंद करा असं मी वर कळवणार आहे."

बाईंनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं.  त्यांनी मशीनपाशी जाऊन ट्यूब बंद केली आणि सुई घेऊन खिडकीकडे वळल्या. 

रविवारी सगळी इमारत माळावर जमली. पॅनेलवर निळ्या फुलांची चादर ताणून बसवली होती, चारी बाजूंनी दोरीने आवळली होती, आणि दोरीच्या गाठीत पितळी कुलूप होतं. कुलूपकाका बायकोला घेऊन लेकीकडे परगावी गेले होते. सरांनी त्यांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"हो, मीच झाकलं," काका म्हणाले. "आम्ही दोघं इथे, घर बंद, मग माझ्या पॅनेलची वीज कोण वापरतंय? आल्यावर उघडीन."

"काढा ती चादर!" इंजिनियरबाई म्हणाल्या.

पण कोणी पुढे होईना. "दुसऱ्याच्या पॅनेलला हात लावायचा नाही," मावशी ठामपणे म्हणाल्या. "आज ह्यांच्या लावला तर उद्या माझ्याही लावतील." सरांनी मान डोलावली. कंपाउंडरने सरांना विरोध करायचा म्हणून आधी मान हलवली, मग आपलंच नुकसान ध्यानात येऊन तीच डोलावली. अख्खी इमारत कधी नव्हे ती एका बाजूला आली होती, आणि ती बाजू कुलूपकाकांची होती. इंजिनियरबाईंनी खिशातून फोन काढला.

सेक्रेटरींनी बायकोकडे पाहिलं. ती उन्हात, डोळे बारीक करून उभी होती.

"थांबा," सेक्रेटरी म्हणाले.  "हे पॅनेल काकांचं नाही. ते कोपऱ्यावरचं मावशींचं नाही, मधलं सरांचं नाही. कोणाचंच वेगळं असं नाही. काका सही करेनात म्हणून मी थाप मारली, आणि मग सगळ्यांनाच मारत सुटलो. सगळी पॅनेल सगळ्यांची आहेत."

 एकदम सगळे बोलायला लागले. धाकट्या जावेला तो फोटो कुठे कुठे पाठवला ते आठवून रडू आलं. सरांनी "हा विश्वासघात आहे" असं तीनदा म्हटलं. इतकी वर्षं जपलेली आपली सगळी अब्रू अशी माळावर वाळत घातलेली सेक्रेटरींना दिसत होती, आणि ती झाकायला तर चादरही मोकळी नव्हती.

"एक मिनिट!" मावशींचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. "म्हणजे मी दर आठवड्याला येऊन पुसत होते ते कोणाचं?"

"सगळ्यांचं, मावशी."

"आणि ही बाकीची? ह्या सगळ्या रांगा?"

"त्यापण सगळ्यांच्या. म्हणजे... तुमच्यापण."

मावशींनी माळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे हे सगळंच माझं!" त्या म्हणाल्या, आणि वळून इंजिनियरबाईंवर कडाडल्या, "मग माझ्या त्या पॅनेलवर पाखरं घाण करतात आणि तुम्ही बघत बसता होय? बादली कुठाय?"

फोनमधून कुलूपकाकांचा आवाज आला. "सेक्रेटरी, ती सगळी माझीपण?"

"हो काका. आणि तुमच्या ह्या चादरीमुळे तुमच्याच सगळ्या रांगेची वीज बुडतेय."

फोनमध्ये खाकरणं ऐकू आलं. "काढा मग चादर," काका म्हणाले. "पण किल्ली माझ्या कमरेला आहे."

सेक्रेटरींच्या बायकोने पर्समधून कात्री काढली. शिवणारी बाई कात्रीशिवाय घराबाहेर पडत नाही. ती दोरीला लागली, पण दोरी जाड होती, म्हणून तिने सरळ चादरीलाच कात्री लावली. टर्रकन आवाज झाला तो फोनमधून पलीकडेही पोहोचला.

"अहो, चादर नवी आहे!"

"शिवून देते, काका," बाई म्हणाल्या.

चादर निघाली. इंजिनियरबाईंनी फोन परत खिशात टाकला आणि, "गट राहील, पण पुन्हा कशाला हात लावाल तर याद राखा," असं बजावलं. ते पुरतं ऐकायलाही कोणी थांबलं नव्हतं, कारण मावशींनी बादली मिळवली होती आणि जो तो आपल्या मालमत्तेवर पडलेली धूळ बघून चिडला होता. सर आणि कंपाउंडर एकाच पॅनेलची दोन टोकं धरून पुसत होते.

सेक्रेटरी बाजूला एका दगडावर बसले होते. त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. बाई कात्री पर्समध्ये ठेवत त्यांच्याजवळ आल्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "अख्ख्या इमारतीला पॅनेल वाटलीत. आपलं कुठलं ठेवलं होतंत?"

सेक्रेटरी विचारात पडले. पहिली रांग, मधली रांग, कोपरे, पूर्वेकडचं, कुंपणापासून लांबचं. सगळं आठवून पाहिलं.

"आपलं..." ते ओशाळून म्हणाले, "आपलं ठेवायचं राहूनच गेलं गं."

 बाई हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते पदराने पुसत त्यांच्या शेजारी दगडावर बसल्या. दगड लहान होता, पण अंग दोघांनीही चोरलं नाही. सेक्रेटरींना इतकं बरं वाटलं की आता लोक बोलले काय आणि न बोलले काय.

"उद्यापासून सकाळी मशीनवर बसले की ट्यूब लावणार," बाई जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "ती संध्याकाळी उठेपर्यंत. आणि एवढी कोणाची वीज जाळता म्हणून विचारलं कोणी, तर सांगणार, अख्खा माळ आमचा आहे!"

"आमचापण!" सरांच्या खिशातल्या, बंद करायच्या राहिलेल्या फोनमधून कुलूपकाका ओरडले.